एक भाषा तयार करताना
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरवाली, तू एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर हल्ली लग्नाच्या पंगतीतही बोलतात. त्यापेक्षा मला दहा वर्षांपासून एक छंद आहे, त्यावर बोलते. कसला छंद? म्हटलं, मी एक भाषा तयार करते आहे. पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "म्हणजे जावासारखी?" नाही, माणसांनी बोलायची. फक्त ती बोलणारं एकही माणूस या जगात नाही. "चालेल," ते म्हणाले, "जेवणाच्या आधी वीस मिनिटं." तेव्हा वासावरून लक्षात येतंच आहे की माझी स्पर्धा वांग्याच्या भरताशी आहे.

आठवतं का, आठवीत मागच्या दोन बाकांवर आमची 'च'ची भाषा चालायची? प्रत्येक शब्दात 'च' घालून इतक्या वेगात बोलायचो की गणिताच्या सरांना काही कळू नये. (सरांना सगळं कळत होतं, हे त्यांनी आज सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. एकोणतीस वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं.) भाषेशी खेळायची ती पहिली खोड. पुढे इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, आणि खोड झोपून गेली. ती जागी झाली सोफियात.

बल्गेरियातल्या एका टीमबरोबर आमचं काम चालायचं. सुरुवातीचे तीन आठवडे मी व्हिडिओवर विचारायची, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" आणि तिकडचा सहकारी खालीवर मान हलवायचा. मी निश्चिंत. काम व्हायचं नाही. नंतर कळलं की तिकडे खालीवर मान म्हणजे 'नाही', आणि आडवी मान म्हणजे 'हो'. हा घोळ निस्तरायला मला प्रत्यक्ष पाठवण्यात आलं. पहिल्याच दिवशी रस्त्यावरच्या पाट्यांवरची अक्षरं लावत चालले होते, तर 'द्युक्यान' दिसलं. दुकान! मंडईला 'पझार', पडद्याला 'पेर्दे', साबणाला 'सापून'. अरबी-फारसीतून निघालेले, नाहीतर वाटेत तिथे मुक्काम केलेले शब्द एकीकडे दख्खनेत उतरले, दुसरीकडे तुर्कांबरोबर डॅन्यूबपर्यंत गेले, आणि मला परक्या गावात घरच्यासारखे भेटले. टॅक्सीवाल्याला तिथे 'ताक्सिजिया' म्हणतात. त्यातला 'जि' म्हणजे तुर्की भाषेतला 'ची' हा प्रत्यय, अमुक काम करणारा या अर्थाचा. आपल्याकडे तो कुठे आहे? तबलजीत. तबलजीतला 'जी' गांधीजींतला नव्हे बरं का, तो टॅक्सीवाल्यातला आहे. इतिहासाच्या पुस्तकात परराज्यातला वकील या अर्थी 'एलची' यायचा, तोही तसाच: 'एल' म्हणजे राज्य, लोक, त्यांच्या वतीने बोलणारा तो एलची.

मी हे उत्साहाने त्या सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते तुर्क नंतरचे. त्यांच्या आधी आम्हीच तुर्की बोलायचो."

ही गोष्ट मला माहीत नव्हती, तुमच्यापैकीही फार जणांना माहीत नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. बल्गेरियन ही आज रशियन, सर्बियन यांच्या घरातली स्लाव्ह भाषा आहे. पण ज्यांच्यावरून देशाला नाव पडलं ते बुल्गार लोक काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून आलेले घोडेस्वार. त्यांचा खान अस्पारुख डॅन्यूब ओलांडून आला आणि ६८१ मध्ये बायझंटाइन सम्राटाला त्याच्याशी तह करावा लागला. हे लोक तुर्की कुळातली एक भाषा बोलत. प्रजा मात्र बहुतांशी स्लाव्ह. ८६४च्या सुमारास राजा बोरिसने ख्रिस्ती धर्म घेतला. ८८६ मध्ये मेथोडियस या धर्मगुरूचे हाकलले गेलेले शिष्य आश्रयाला आले, त्यांच्याकडे स्लाव्ह भाषेतले ग्रंथ होते. ८९३ मध्ये प्रेस्लावच्या सभेनंतर चर्च आणि दरबार यांची भाषा स्लाव्ह झाली. बुल्गारांची तुर्की भाषा कधी संपली याची नोंद नाही. भाषा संपते त्याची नोंद कोण ठेवणार? शेवटच्या म्हातारीला बहुधा आपण शेवटच्या आहोत हे माहीत नसतं.

मागे काय उरलं? फार थोडं. प्रेस्लावला सापडलेला एक कोरीव लेख, ग्रीक अक्षरांत, आणि मजकूर काय, तर चिलखतं आणि शिरस्त्राणं यांची यादी. म्हणजे कोठाराची स्टॉकची वही. काही पदव्या, काही नावं. आणि खानांची एक वंशावळ, जी रशियातल्या जुन्या हस्तलिखितांत स्लाव्ह मजकुराच्या मधोमध टिकून राहिली. तिच्यात प्रत्येक खानाच्या नावापुढे दोन दोन अगम्य शब्द आहेत: 'दिलोम त्विरेम', 'शेगोर वेचेम'. नक्कल करणाऱ्यांना त्यांचा अर्थ कळत नव्हता, त्यांनी जसेच्या तसे उतरवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिनलंडच्या मिकोला या पंडिताने दाखवलं की ही बारा प्राण्यांच्या कालचक्रातली वर्षं आणि महिने आहेत. दिलोम म्हणजे साप, शेगोर म्हणजे बैल. वेचेम तिसरा, त्विरेम नववा. बैलाच्या वर्षाचा तिसरा महिना!

त्या रात्री हॉटेलवर मला झोप लागली नाही. तुम्ही नारळीकरांचं 'गंगाधरपंतांचं पानिपत' वाचलं असेल. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही तर पुढचा इतिहास कसा झाला असता, त्याची गोष्ट. माझ्या डोक्यात आलं की ८८६ मध्ये ते शिष्य आले तेव्हा बोरिसने त्यांना सांगितलं असतं, ग्रंथ तुमचे, पण भाषा आमची, आमच्या बोलीत उतरवा, तर? मग आज सोफियात कोणती भाषा ऐकू आली असती? ती मी तयार करायला घेतली. नाव ठेवलं 'बल्हार'.

तुर्की भाषा इंजिनिअरच्या मनात भरतात. शब्द डब्यांसारखे एकामागे एक जोडायचे. तुर्कस्तानच्या तुर्कीत 'एव' म्हणजे घर, 'एवलेर' घरं, 'एवलेरिमिझ' आमची घरं, 'एवलेरिमिझदे' आमच्या घरांमध्ये. आपणही 'घरातल्यांसाठीसुद्धा' असं म्हणतोच की, पण आपल्याकडे जोडताना मूळ शब्द वाकतो, 'पाऊस'चं 'पावसा' होतं. तिकडे डबा सहसा वाकत नाही. फक्त स्वरांची एक शिस्त असते: घर 'एव' म्हणून 'एवलेर', पण घोडा 'आत' म्हणून 'आतलार'. शब्दात पुढचा स्वर असला तर प्रत्ययातही पुढचा, मागचा असला तर मागचा. नियम लिहिला की संगणक चालवतो.

बुल्गारांची शाखा बाकी तुर्की भाषांपासून फार लवकर फुटली. तिची आज जिवंत असलेली एकच नातेवाईक आहे, रशियात व्होल्गाकाठी बोलली जाणारी चुवाश. तुर्कीत जिथे 'झ' तिथे चुवाशीत 'र', आणि कित्येक ठिकाणी 'श'च्या जागी 'ल'. मुलगी तुर्कीत 'कझ', चुवाशीत 'हेर'. हिवाळा तिकडे 'कश', इकडे 'हेल'. दगड तिकडे 'ताश', इकडे 'चूल'. (तीन दगडांची ती आपली चूल. संबंध काही नाही, निव्वळ योगायोग. पण असा योगायोग रात्री एक वाजता भेटला की एकटीच हसते मी.) आणखी एक साक्षीदार हंगेरियन. ती तुर्की कुळातली नाही, पण तिने फार पूर्वी याच 'र'वाल्या शाखेकडून शब्द उसने घेतले. तुर्की 'देनिझ' म्हणजे समुद्र, हंगेरियनमध्ये 'तेंगेर'. जुळे तुर्कीत 'इकिझ', हंगेरियनमध्ये 'इकेर'. उसनं घेणाऱ्याने वस्तू जपून ठेवली, देणाऱ्याचं घर मात्र पडलं.

तर मी प्रोग्रॅम लिहिला. एका बाजूने जुने तुर्की शब्द टाकायचे, बाराशे वर्षांचे ध्वनिबदल क्रमाने लावायचे, दुसऱ्या बाजूने बल्हार शब्द. वर्षभरात दोन हजार शब्द झाले. व्याकरणाचा एकच तक्ता, एकही अपवाद नाही. नववीत संस्कृतच्या बाई म्हणायच्या, रूपं पाठ करा, अपवाद विसरू नका. मी अपवादच ठेवले नाहीत. फार अभिमान वाटला होता.

पुढच्या भेटीत मी तो कागद त्या सहकाऱ्याला दाखवला. त्याने बराच वेळ वाचला, खालीवर मान हलवली (आता मला अर्थ माहीत होता) आणि म्हणाला, "ही कोणीच बोललेलं नाही."

राग आला. कोणी बोललेलं नाही हे तर उघडच होतं. पण त्याला म्हणायचं होतं ते वेगळं. पायरी शेकडो पायांनी झिजते तशी भाषा झिजते, आणि सगळीकडे सारखी झिजत नाही. माझ्या भाषेच्या पायऱ्या कालच बसवलेल्या फरशीसारख्या होत्या.

मग मला माझा बग सापडला, आणि तो खास आपल्या धंद्यातला निघाला. मी सगळ्या शब्दांना सगळे नियम लावत होते. पण शब्द वेगवेगळ्या काळी घरात येतात. ध्वनिबदल घडून गेल्यानंतर जो आला, त्याला तो बदल लागू नाही. म्हणजे प्रत्येक शब्दाला प्रवेशाची तारीख हवी. मराठीत हे आपण रोज वापरतो: 'काम' आणि 'कर्म', 'हात' आणि 'हस्त'. एकच शब्द, एक घरात वाढून झिजलेला, दुसरा नंतर पोथीतून कोराच्या कोरा आणलेला. 'काम' करायचं असतं आणि 'कर्म' भोगायचं असतं, हा फरक कुठल्या नियमाने आला?

तारखा घातल्या आणि बल्हार जिवंत वाटू लागली. कारण खऱ्या इतिहासात १३९३ मध्ये तर्नोवो पडलं आणि ऑटोमन तुर्क पुढे पाचशे वर्षं राहिले. माझ्या जगातही ते येतात. फरक एवढाच की माझ्या बल्हारांवर त्यांच्याच लांबच्या चुलतभावाची भाषा राज्य करते. मग घरातली मुलगी 'हिर' आणि हाकिमाच्या तोंडची 'कझ', दोन्ही शब्द नांदतात. पहिला आईच्या तोंडचा, दुसरा जरा उर्मट. हे मी कल्पनेने ठरवलं आणि मग खरं उदाहरण सापडलं. साडूला ऑटोमन तुर्कीत 'बाजानाक' म्हणतात आणि तो शब्द बाल्कनमधल्या स्लाव्ह भाषांत आहेच. पण तिथे 'पाशेनोग' असाही एक जुना शब्द आहे, अर्थ तोच, साडू. अभ्यासक मानतात की हा तोच मूळ शब्द, शेकडो वर्षं आधी बुल्गारांकडून आलेला. राज्य गेलं, धर्म गेला, सगळी क्रियापदं गेली, आणि उरला साडू. (समोर बसलेल्या दोन साडूंनी हसू नये.)

पुढचं भराभर सांगते, भरत थांबलं आहे. बाल्कनमध्ये शेजारीपाजारी भाषा एकमेकींच्या सवयी उचलतात. ग्रीक, बल्गेरियन, रुमानियन यांना भविष्यकाळ 'हवं असणे' या क्रियापदापासून मिळाला, तोही मी बल्हारला दिला. १८७८ नंतर देश सुटला तेव्हा माझ्या जगातही भाषाशुद्धी सुरू होते. आपल्याकडे राजव्यवहारकोश झाला, सावरकरांनी 'महापौर' दिला, तुर्कस्तानात १९३२ पासून हीच मोहीम चालली. पण बल्हारांची पंचाईत अशी की हुसकायचा शब्दही तुर्की आणि राखायचा शब्दही तुर्की. त्यांच्या शुद्धीमंडळाच्या बैठकांची कार्यवृत्तं मी लिहिली आहेत. माझ्या सगळ्या कामात तीच सर्वांत विनोदी आहेत. कोणाला हवी असतील तर पाठवते.

एक प्रश्न मात्र सुटत नव्हता, आणि तो ध्वनीचा नव्हता. ही भाषा टिकली का? मी सुरुवातीला धरून चालले होते की ग्रंथ बल्हारमध्ये झाले, शाळा बल्हारमध्ये झाली, म्हणजे टिकली. पण घोडेस्वार मूठभर, आणि त्यांच्या बायका, दाया, शेजारी स्लाव्ह. पोरगं अंगणात स्लाव्ह बोलणार. घरात बल्हार बोलणारी एखादी म्हातारी असणार. ते पोरगं एके दिवशी तिला काय म्हणालं असेल? भाषा सरदारांच्या सभेत मरत नाही, ती त्या अंगणात मरते. तो प्रसंग माझ्या जगात घडला नाही, तर का नाही घडला? बाराशे वर्षांचे ध्वनिबदल मला जमले, हे एक वाक्य जमेना.

जमेना, कारण ते वाक्य मी स्वतः म्हटलं होतं.

सातवीच्या गॅदरिंगला, याच हॉलमध्ये, माझ्या आईची आई तापीकाठच्या गावाहून आली होती. आम्ही सगळे तिला मायच म्हणायचो. ती अहिराणीशिवाय दुसरं काही बोलायची नाही. पडद्यामागे मी मैत्रिणींत उभी, आणि ती खुर्च्यांमधून वाट काढत आली नि सगळ्यांसमोर विचारलं, "तुना नंबर कवय शे?" कोणी हसलं नाही. खरं सांगते, तुमच्यापैकी कोणीही हसलं नाही. अर्ध्याजणींच्या घरी तेच बोललं जायचं. तरी मी तिला बाजूला नेलं आणि म्हटलं, "माय, इथं मराठीत बोल ना."

तिने मान हलवली आणि जाऊन बसली. त्यानंतर माझ्याशी ती कधीच अहिराणीत बोलली नाही. मराठीत बोलायची, तोडकंमोडकं, पाहुण्यांशी बोलतात तसं. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना ती गेली.

बोली की भाषा हा वाद इथे नको, जेवायला उशीर होईल. अहिराणी गेलेली नाही, लाखो लोक ती बोलतात. गेली ती फक्त आमच्या घरातून. तेराशे वर्षांपूर्वीच्या खानांच्या यादीवरून मी 'नववा महिना' सांगू शकते, आणि मायला आमच्या जात्याच्या खुंट्याला काय म्हणायचं ते सांगता येत नाही.

चुवाशीचंही ऐका. रशियाच्या २०१०च्या जनगणनेत ती येणारे दहा लाखांहून थोडे जास्त होते. पुढच्या, २०२१च्या जनगणनेत सात लाखांच्या आसपास. मी माझ्या बल्हारसाठी तिच्यातून शेकडो शब्द उचलले, कोशातून कॉपी-पेस्ट. तोपर्यंत मी ती भाषा कानांनी ऐकलीही नव्हती. मग ऐकायला लागले, गाणी, बातम्या, बायकांच्या गप्पा. आईच्या आईला चुवाशीत 'कुकामाय' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी लॅपटॉप बंद केला.

त्यानंतर सहा महिने बल्हारला हात लावला नाही. पुन्हा काढली तेव्हा ते अंगण लिहिलं. माझ्या जगातली ती म्हातारी पोराने सांगूनही ऐकत नाही. ती स्लाव्हमध्ये उत्तर देतच नाही. पाणी हवंय? बल्हारमध्ये माग. हट्टी, भांडखोर बाई आहे. शेजारणी तिला नावं ठेवतात. असं एका पिढीत पुरेशा घरांत झालं, एवढंच कारण मी कागदावर लिहिलं आहे. इतिहासकाराला ते पटणार नाही, मलाही पूर्ण पटलेलं नाही. पण दुसरं सापडलेलं नाही.

गेल्या महिन्यात मेळाव्याचं निमंत्रण आलं तेव्हा मी मावशीला फोन केला. ती अजून त्याच गावात असते. म्हटलं, जात्याच्या खुंट्याला माय काय म्हणायची? ती म्हणाली, "कशाला हवंय तुला ते?" मराठीत. माझ्याशी सगळे मराठीतच बोलतात, आता ती सवय झाली आहे. मी म्हटलं, "मावशी, मनासंगे अहिराणी बोल." उच्चार बिघडला असणार, कारण ती खूप हसली. नंतर अर्धा तास बोलत होती, मला निम्मं कळलं. खुंट्याचा शब्द राहूनच गेला. फोन ठेवताना म्हणाली, "कवय येशी?"

उद्या सकाळच्या एसटीने जाते आहे. वही घेतली आहे. आता जेवायला चला, भरत गार होतंय.